उत्क्रांतिखेळ

उत्क्रांतिखेळ : सजीवाचा, मानवसमाजाचा किंवा जीवात्म्याचा खालच्या अवस्थेतून वरच्या अवस्थेकडे होणारा प्रवास ज्यात खेळाडू स्वतः घडवितो, अशा पटावरील व संगणकावरील खेळांचा वर्ग. या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध आधुनिक खेळ म्हणजे अमेरिकेत तयार झालेला आणि सप्टेंबर २००८ मध्ये प्रकाशित झालेला ‘स्पोअर’ हा संगणक-खेळ होय. एका कोशिकेपासून (पेशीपासून) आरंभ करून आपला जीव आकाशगंगेत संचार करणाऱ्या जातीच्या पदवीपर्यंत नेणे, हे त्यातील खेळाडूचे काम. महाराष्ट्रात ‘मोक्षपट’ या नावाने ओळखला जाणारा सोंगट्यांचा खेळ याहून कितीतरी जुना आहे. दोहोंचा आशय अगदी भिन्न असला, तरी आराखडा एकच आहे व तो म्हणजे शिडी. उत्क्रांतीचे शास्त्र मात्र शिडीची नव्हे, तर फांद्या फुटत जाणाऱ्या वृक्षाची प्रतिमा मानते. या दोन प्रतिमांमधील अंतर हाच उत्क्रांतिखेळांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

मोक्षपट : सापशिडी या नावाने आज घरोघरी परिचित असलेल्या खेळाचे मूळ भारतीय रूप उत्तरेत ज्ञानचौपड व महाराष्ट्रात मोक्षपट या नावांनी ओळखले जाते. मराठी परंपरा त्याचे जनकत्व ⇨ज्ञानेश्वरांकडे (१२७५–९६) देते; तथापि त्यास समकालीन आधार नाही आणि देशात उपलब्ध झालेले जुने पट बहुतांशी अठराव्या शतकातील व त्यानंतरचे आहेत. वैष्णव, जैन व सूफी असे त्यांचे प्रकार असून घरांची संख्या ७२, ८४, १००, १२४ अशी भिन्न आढळते. कवड्यांच्या दानाप्रमाणे सोंगटी पुढे सरकते. शिड्या भक्ती, दया, सत्संग इ. सद्गुणांच्या, तर साप काम, क्रोध, लोभ, मोह इ. विकारांचे. सापाच्या मुखी पडलेला जीव खालच्या घरात जातो आणि त्याला पुन्हा तेथून वाट चालावी लागते.

या खेळाच्या पाठीशी चौऱ्याऐंशी लक्ष योनींची कल्पना आहे. पुराणांतील एका प्रसिद्ध गणनेनुसार जलचर ९ लक्ष, स्थावर २० लक्ष, कृमी ११ लक्ष, पक्षी १० लक्ष, पशू ३० लक्ष व मनुष्य ४ लक्ष अशा या योनी होत. जीवसृष्टी एकसंध आहे आणि कृमीपासून मानवापर्यंत एकच वाट जाते, हा विचार महाराष्ट्रातील लोकमानसात खोल रुजलेला आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी आख्यायिका आहे, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे दाखविली जाते व भाविक तिचे दर्शन घेतात. तथापि येथे वर चढतो तो जीवात्मा. देहांच्या जाती जशाच्या तशाच राहतात. एका जातीपासून दुसरी जाती उद्भवते, असे योनींची कल्पना सांगत नाही. उत्क्रांतीशी तिचे दिसणारे साम्य म्हणूनच वरवरचे ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये रूढ झाला. तेथे प्रथम त्यास व्हिक्टोरियन नीतिकल्पनांचा साज चढला व पुढे नीतीही गळून केवळ शर्यत उरली. अमेरिकेत १९४३ मध्ये मिल्टन ब्रॅडली या कंपनीने काढलेल्या आवृत्तीत सापांची जागा घसरगुंड्यांनी घेतली.

संगणकीय पूर्वपीठिका : संगणकावर जीवसृष्टीचे अनुकरण करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. इंग्लिश गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा ‘लाइफ’ हा चौकटींचा खेळ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शेजारच्या चौकटी किती भरलेल्या आहेत एवढ्यावरच प्रत्येक चौकट जगते वा मरते, आणि इतक्या साध्या नियमांतून अनपेक्षित गुंतागुंतीच्या आकृती निर्माण होतात. रिचर्ड डॉकिन्झ यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकासाठी असा एक कार्यक्रम तयार केला, की ज्यात रेषाकृतींत यदृच्छेने बदल होत आणि पाहणाऱ्याने त्यांतून पुढच्या पिढीचा जनक निवडावयाचा असे. अमेरिकेतील मॅक्सिस कंपनीने १९९० मध्ये ‘सिमअर्थ’ हा ग्रहाच्या जीवनेतिहासाचा खेळ काढला. जेम्स लव्हलॉक यांची गाइया ही कल्पना, म्हणजे पृथ्वी ही स्वतःचे नियमन करणारी एकसंध व्यवस्था आहे हा विचार, त्याच्या मुळाशी होता. १९९२ मध्ये त्याच कंपनीचा ‘सिमलाइफ’ आला. त्याच वर्षी जपानमध्ये निघालेल्या एका खेळात माशापासून सस्तन प्राण्यापर्यंतचा प्रवास शत्रूंना खाऊन मिळविलेल्या गुणांवर करावयाचा होता. पुढे स्पोअरमध्ये हीच गुणांची पद्धत मोठ्या प्रमाणावर अवतरली.

स्पोअर – निर्मिती : या खेळाचे शिल्पकार विल राइट (१९६० – ) हे मॅक्सिसचे एक संस्थापक. नगररचनेचा ‘सिमसिटी’ (१९८९) व कुटुंबजीवनाचा ‘द सिम्स’ (२०००) या खेळांमुळे त्यांना कीर्ती लाभली होती. सूक्ष्मापासून विराटापर्यंतचे सर्व स्तर एकाच खेळात गुंफावेत, ही त्यांची कल्पना. चार्ल्स व रे ईम्झ यांचा ‘पॉवर्स ऑफ टेन’ (१९७७) हा लघुपट आणि आकाशगंगेतील प्रगत संस्कृतींच्या संख्येचा अंदाज बांधणारे फ्रँक ड्रेक यांचे समीकरण ही तिची दोन प्रेरणास्थाने होत. २००५ मध्ये खेळाचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक झाले व त्याने मोठी अपेक्षा निर्माण केली. निर्मिती चालू असता सहकाऱ्यांत दोन मतप्रवाह पडले. जीव शक्य तेवढे शास्त्रशुद्ध असावेत असे एकाचे म्हणणे, तर ते पाहताक्षणी आवडावेत असे दुसऱ्याचे. अखेरीस दुसऱ्या मताचा प्रभाव अधिक राहिला.

या खेळाचे तांत्रिक वैशिष्ट्य असे, की खेळाडूने तयार केलेल्या प्राण्याला कितीही पाय, हात वा डोळे असले, तरी त्याची चाल आधी चितारून ठेवलेली नसते. संगणक ती त्या शरीररचनेवरून तत्क्षणी गणिताने ठरवितो. प्रत्येक प्राण्याची माहिती अत्यल्प जागेत साठविता येत असल्याने एका खेळाडूचे जीव दुसऱ्याच्या ग्रहावर सहज जाऊ शकतात. संगीताची रचनाही याच तत्त्वावर झाली असून तीत ब्रायन ईनो यांचा सहभाग होता. जून २००८ मध्ये प्राणी घडविण्याचा विभाग स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला व काही आठवड्यांतच खेळाडूंनी घडविलेल्या जीवांची संख्या दहा लाखांवर गेली.

रचना : खेळाचे टप्पे पाच : कोशिका, प्राणी, टोळी, नागर संस्कृती व अवकाश. आरंभी एक उल्का ग्रहावर आदळते आणि तिच्याबरोबर आलेला जीव समुद्रात तरंगू लागतो. वनस्पती वा मांस खाऊन त्याला जनुकद्रव्याचे गुण मिळतात व ते खर्चून काटे, डोळे, वल्ह्यांसारखे अवयव घेता येतात. दुसऱ्या टप्प्यात प्राणी जमिनीवर येतो आणि इतर जातींशी गाण्या-नाचण्याने मैत्री जोडतो किंवा त्यांना ठार मारतो. मेंदूची पुरेशी वाढ होताच टोळी बनते आणि येथे शरीराची उत्क्रांती कायमची थांबते. यानंतर फक्त वेश, घरे व वाहने बदलतात. चौथ्या टप्प्यात शस्त्रबळ, धर्मप्रसार वा व्यापार यांपैकी एका मार्गाने सर्व ग्रह जिंकावयाचा असतो. पाचव्या टप्प्यात यानातून आकाशगंगेचा संचार करीत तिच्या केंद्रापर्यंत पोहोचणे हे दूरचे साध्य असते. मोक्षपटातील अखेरचे घर अशा रीतीने येथे वेगळ्या रूपाने परत येते.

शास्त्रीय परीक्षण : ‘सायन्स’ या अमेरिकन साप्ताहिकाने ऑक्टोबर २००८ मध्ये उत्क्रांतिवैज्ञानिकांच्या साहाय्याने या खेळाचे परीक्षण केले व उत्क्रांतीच्या कसोटीवर तो अनुत्तीर्ण ठरविला. चार्ल्स डार्विन (१८०९–८२) यांच्या सिद्धांतात बदल व्यक्तीत नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या जीवसमूहात घडतो. उत्परिवर्तने यदृच्छेने होतात; त्यांपैकी परिस्थितीस अनुकूल ठरणारी नैसर्गिक निवडीने टिकतात. या प्रक्रियेस हेतू नाही आणि शिखरही नाही. स्पोअरमध्ये याच्या उलट आहे. बदल खेळाडूच्या इच्छेने होतो, एका रात्रीत होतो आणि नेहमी वरच्या टप्प्याकडेच नेतो. तेथे जीवाला समूह नाही, चुलत नातलग नाहीत आणि फसलेल्या शाखाही नाहीत. डार्विन यांच्या १८५९ च्या ग्रंथातील एकमेव आकृती फांद्यांची आहे व त्यांतील बहुतेक फांद्या मध्येच संपतात. वस्तुतः हे संपणेच जीवसृष्टीच्या इतिहासाचा मोठा भाग आहे. खेळात मात्र मृत्यूनंतर तोच जीव पुन्हा उभा राहतो. ‘थ्राइव्ह’ या स्वयंसेवकांनी चालविलेल्या मुक्त खेळात इतर जातींच्या संख्येची वाढघट गणिताने ठरवून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न आहे.

समाजाचे टप्पे : टोळी, नागर संस्कृती, अवकाश ही मांडणीही वादग्रस्त आहे. ल्यूइस हेन्री मॉर्गन यांनी १८७७ मध्ये रानटी, असंस्कृत व सुसंस्कृत अशी समाजविकासाची एकरेषीय श्रेणी मांडली. फ्रँट्स बोॲस व त्यांच्या अनुयायांनी ती पुढे त्याज्य ठरविली. एखाद्या लहान प्रदेशाचा इतिहास तपासला, की तिचा अपुरेपणा ध्यानात येतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे लगतचे तालुके यासाठी उपयुक्त आहेत. कारण खेळात कल्पिलेल्या बहुतेक टप्प्यांचे प्रत्यक्ष अवशेष तेथे एकमेकांपासून थोड्या अंतरावर आढळतात.

कुकडी नदीकाठच्या बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर अश्युलियन परंपरेची दगडी हत्यारे मिळाली. ही राख सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या, सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची आहे असे काही संशोधक मानतात, तर काही तिला कित्येक लक्ष वर्षे मागे नेतात. ती हत्यारे करणाऱ्यांपासून आजच्या रहिवाशांपर्यंत सरळ वंशरेषा काढता येत नाही. पुढे सातवाहनकाळात नाणेघाटातून कोकणची बंदरे व जुन्नर यांमधील व्यापार चाले. घाटातील लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे आणि जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखांत यवनांची व व्यावसायिकांच्या श्रेणींची नावे येतात. याच सह्याद्रीच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाज राहत आला आहे. घाटवाटा, गडकोट व बाजारपेठा यांच्याशी त्याचा संबंध जुना आहे. त्याला ‘आधीच्या टप्प्यातील’ म्हणणे अनैतिहासिक ठरते. भारतीय समाज हा निरनिराळ्या समूहांचे शेजारी-शेजारी नांदणारे संचित आहे, असे ⇨इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी दाखविले. त्यात एक समूह दुसऱ्याची पायरी नसतो.

खेळातील व्यापारी विजयाचीही हीच गत आहे. तेथे धनाढ्य राष्ट्र प्रतिस्पर्ध्याचे नगर विकत घेते आणि नगरवासी काही बोलत नाहीत. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथे जन्मलेले ⇨बाबू गेनू (१९०८–३०) हे मुंबईतील गिरणीकामगार १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापड नेणाऱ्या ट्रकपुढे आडवे झाले व त्याखाली चिरडून मरण पावले. व्यापाराच्या बळावर उभ्या असलेल्या साम्राज्याला असा नकार देणारा माणूस स्पोअरच्या नियमांत बसत नाही. इतिहास मात्र अशा नकारांनीही वळण घेतो.

आरंभ आणि अंत : खेळाची दोन्ही टोके, म्हणजे अवकाशातून आलेले जीवबीज व आकाशगंगेचा शोध, ही पुण्यातील संशोधनाला अपरिचित नाहीत. ⇨जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या पुढाकाराने २००१ व २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनांनी सुमारे ४१ किमी.पर्यंतच्या उंचीवरील हवेचे नमुने गोळा केले. त्यांतून जंतूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्या पृथ्वीबाह्य असल्याचे यावरून सिद्ध होत नाही. प्रश्न खुला आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किमी. परिसरात पसरलेल्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या शियापारेल्ली या यूरोपीय यानाचे क्षीण संदेश येथे टिपण्यात आले. यान पृष्ठभागावर आदळून नष्ट झाले. खऱ्या अवकाशसंशोधनात अशा अपयशाचेही मोल असते.

मूल्यमापन : स्पोअरचा खप पहिल्या महिन्यातच दहा लाखांवर गेला, तथापि नक्कल रोखण्यासाठी घातलेल्या जाचक निर्बंधांमुळे ग्राहकांचा रोषही ओढवला. राइट यांनी २००९ मध्ये कंपनी सोडली. शास्त्र शिकविणारा खेळ म्हणून स्पोअर अपुरा आहे, कारण त्यात डार्विन यांचा वृक्ष नसून मोक्षपटाची शिडीच आहे. मोक्षपट मात्र आपण नीतीचा पट आहोत हे उघडपणे सांगतो. शिवाय त्यात साप असतात, म्हणजे चढलेल्याला घसरण्याची शक्यता तो कधी विसरू देत नाही. सूक्ष्म कोशिका आणि तारकासमूह ही एकाच कथेची दोन टोके आहेत, ही जाणीव लक्षावधी तरुणांना करून देणे हे स्पोअरचे श्रेय निर्विवाद होय. ती कथा वर चढण्याची नसून पसरण्याची, फुटण्याची व बहुतांशी लोपण्याची आहे, हे सांगण्याचे काम मात्र शिक्षकाकडेच राहते.