कर्ण्याचा ग्रामोफोन : यंत्र, कर्ता आणि लाख

बजाजनगर ही यंत्रांच्या सान्निध्यात वाढलेली वसाहत. वाळूजच्या औद्योगिक क्षेत्रात उपजीविकेसाठी आलेल्या साधर्मिक कुटुंबांनी येथे घरे केली, तेव्हा संसाराच्या सामानाबरोबर वाडवडिलांच्या काही वस्तूही आल्या. अशाच एका घरातील कर्ण्याचा ग्रामोफोन दुरुस्त होऊन पुन्हा बोलू लागला आहे. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मागे वळून पाहताना त्याच्या इतिहासाचाही मागोवा घ्यावा, असे वाटले.

सपाट तबकडीवर ध्वनी उमटविणाऱ्या ग्रामोफोनचे जनक एमिल बर्लिनर. त्यांनी १८८७ मध्ये अमेरिकेत त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. प्रारंभीचे यंत्र हाताने फिरवावे लागे; हात मंदावला की गायकाचा सूरही उतरे. ही उणीव दूर करण्यात एल्ड्रिज जॉन्सन या कारागिराचा मोठा वाटा आहे. कॅम्डेन येथे त्यांचे छोटे वर्कशॉप होते. १८९६ मध्ये त्यांनी बर्लिनर यांच्या यंत्रासाठी चावीने चालणारी स्प्रिंगची मोटर सिद्ध केली आणि १९०१ मध्ये व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी उभारली. लहान शेडमधून उद्योग उभा करणाऱ्या आपल्या बांधवांना ही कथा परकी वाटणार नाही.

लंडनची ग्रामोफोन कंपनी १८९८ मध्ये निघाली. फ्रान्सिस बॅरॉड यांच्या चित्रातील, कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा ही तिची ओळख ठरली. या कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कोलकात्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. तबकड्या त्या वेळी जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदह येथे कारखाना निघाला. पुढे बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांचे स्वर घरोघरी पोहोचले. ज्यांना नाट्यगृहाची पायरी चढणे शक्य नव्हते, त्यांच्याही कानी संगीत पडले.

या यंत्राला वीज लागत नाही. चावीने ताणलेली स्प्रिंग तबकडी फिरविते, गव्हर्नर तिचा वेग राखतो, पोलादी सुईची कंपने साउंडबॉक्समधील पातळ पडद्यास मिळतात आणि कर्णा तो ध्वनी मोठा करतो. दुरुस्तीत गोठलेले वंगण काढणे आणि कडक झालेले रबर बदलणे ही मुख्य कामे. मात्र सुटे जुने भाग नव्या पितळी कर्ण्यास जोडून 'पुरातन' म्हणून विकण्याचा व्यवसायही जोरात आहे, याचे भान खरेदीदाराने ठेवावे.

आता श्रावकाच्या दृष्टीने विचार करण्याजोगी एक गोष्ट. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीतील मुख्य बंधक द्रव्य लाख होते. त्यात दगडाची पूड व काजळी मिसळीत. पळस, बोर, कुसुम या वृक्षांवरील सूक्ष्म कीटक लाख निर्माण करतात आणि ती खरवडून काढताना असंख्य जीवांचा घात होतो. म्हणूनच श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यामागे एवढी हिंसा दडलेली होती, हे ऐकणाऱ्या किती जणांच्या ध्यानी आले असेल?

मग या तबकड्या टाकून द्याव्यात काय? तसे वाटत नाही. टाकल्याने गेलेले जीव परत येणार नाहीत, उलट त्यांतील स्वर मात्र कायमचे नष्ट होतील. संग्रहाच्या हव्यासाने नव्या-जुन्या तबकड्या विकत घेत सुटणे परिग्रहच होय. परंतु घरी असलेल्या जपाव्यात, त्यांतील ध्वनी आधुनिक साधनांनी उतरवून ठेवावा आणि मुलांना यंत्र दाखविताना लाखेची हकीकतही सांगावी. वस्तूचा इतिहास सांगताना तिची किंमत कोणी मोजली, हे सांगणे हीसुद्धा जयणाच आहे.

जय जिनेंद्र.