टायरची निगा आणि इंधनबचत

टायरची निगा म्हणजे वाहनाचे टायर व चाके सुरक्षित, टिकाऊ आणि कमी इंधनात धावण्याजोग्या स्थितीत राहावीत यासाठी नियमितपणे करावयाची तपासणी व दुरुस्ती होय. हवेचा योग्य दाब राखणे, टायरवरील खाचांची खोली पाहणे, चाकांचे अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घेणे, टायरची ठरावीक अंतराने अदलाबदल करणे आणि घासलेला टायर वेळीच बदलणे यांचा तीत समावेश होतो. मोटारगाडीचा रस्त्याशी येणारा संबंध चार टायरच्या, प्रत्येकी साधारणपणे तळहाताएवढ्या भागापुरताच असतो. वेग घेणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रिया याच भागावर अवलंबून असतात.

टायरची निगा आणि वाहन चालविण्याच्या सवयी यांवर इंधनाचा खर्चही काही प्रमाणात ठरतो. बहुतेक बाबतींत इंधनबचत व सुरक्षितता एकाच दिशेने जातात. परंतु टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा भरणे, घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे आणि गुळगुळीत टायर वापरत राहणे अशा काही प्रचलित पद्धतींनी बचत होत असल्याचा केवळ समज होतो आणि अपघाताचा धोका मात्र वाढतो.

इतिहास

हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट स्कॉटलंडमधील अभियंते रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली घेतले. परंतु त्या काळी त्याचा प्रसार झाला नाही. बेलफास्ट येथे पशुवैद्य असलेले जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी असाच टायर तयार केला आणि १८८८ साली त्याचे पेटंट मिळविले. सायकलींच्या वाढत्या वापरामुळे हा टायर लवकरच लोकप्रिय झाला. चार्ल्स गुडइयर यांनी रबरावर गंधकाची प्रक्रिया करण्याची पद्धत त्यापूर्वीच शोधून काढल्यामुळे टिकाऊ रबर उपलब्ध झाले होते.

मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. या रचनेत टायरच्या आतील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि त्यांवर पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे रस्त्याला टेकणारा भाग कमी वाकतो, टायर कमी तापतो आणि अधिक काळ टिकतो. १९९० च्या दशकात टायरच्या रबरात सिलिकाचा वापर वाढला. ओल्या रस्त्यावरील पकड कमी न करता टायर हलका धावावा हा त्यामागील उद्देश होता.

लोटन-रोध

टायर फिरत असताना त्याचा रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा मूळ आकारात येतो. रबर दाबण्यासाठी लागलेली सर्व ऊर्जा परत मिळत नाही. तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. यामुळे चाकाच्या फिरण्याला जो विरोध होतो त्यास लोटन-रोध म्हणतात. तो भरून काढण्यासाठी इंजिनाला सतत इंधन खर्च करावे लागते. टायरमधील हवा कमी झाली की टायर अधिक दबतो आणि लोटन-रोध वाढतो. वाहनात भार जास्त असल्यासही तेच घडते.

ऊर्जेचा हा अपव्यय इंधनाच्या खर्चापुरता मर्यादित नसतो. वाया जाणारी उष्णता टायरमध्येच साठते. कमी हवा, जादा भार, अधिक वेग आणि तापलेला रस्ता या गोष्टी एकत्र आल्यास टायरचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि अखेरीस टायर फुटतो. म्हणजेच ज्या कारणाने इंधन जास्त लागते, त्याच कारणाने टायर फुटण्याचा संभवही वाढतो.

हवेचा दाब

प्रत्येक वाहनासाठी योग्य दाब वाहनाच्या उत्पादकाने ठरविलेला असतो. तो चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर, इंधन टाकीच्या झाकणाच्या आत किंवा वाहनासोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पुढील व मागील चाकांसाठी, तसेच कमी व पूर्ण भारासाठी वेगवेगळे आकडे असू शकतात. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा त्या टायरला सोसणारा कमाल दाब असतो. तो भरावयाचा दाब नव्हे. भारतात दाब बहुधा पीएसआय, म्हणजे प्रतिचौरस इंच पौंड, या एककात मोजला जातो.

दाब टायर थंड असताना मोजावा. गाडी सुमारे ३ तास उभी असल्यास किंवा एक-दोन किलोमीटरपेक्षा अधिक चाललेली नसल्यास टायर थंड मानला जातो. प्रवासानंतर टायर तापतो आणि आतील दाब काही पीएसआयने वाढतो. अशा वेळी वाढलेली हवा काढून टाकल्यास टायर थंड झाल्यावर दाब गरजेपेक्षा कमी होतो.

ऋतुमानाचाही दाबावर परिणाम होतो. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरल्यास मोटारगाडीच्या टायरमधील दाब सुमारे १.५ पीएसआयने घटतो. उदाहरणार्थ, नागपुरात मे महिन्यात ४५ अंश तापमानाला ३२ पीएसआय दाब भरला असेल, तर जानेवारीतील १० अंशांच्या पहाटे तीच हवा सुमारे २७ पीएसआय दाब दाखवील. याशिवाय रबरातून व व्हॉल्व्हमधून थोडी हवा सतत निसटत असतेच. म्हणून महिन्यातून किमान एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी दाब तपासण्याची शिफारस केली जाते. या तपासणीत स्टेपनीचाही समावेश असावा. रेडियल टायरची बाजू योग्य दाब असतानाही किंचित फुगलेली दिसते, त्यामुळे केवळ पाहून किंवा पायाने दाबून हवेचा अंदाज घेणे भरवशाचे नसते.

दाब कमी असल्यास टायरच्या दोन्ही कडा लवकर घासतात आणि वळणावर गाडी अस्थिर होते. दाब जास्त असल्यास टायर मध्यभागी घासतो, रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो, पकड कमी होते आणि खड्ड्यात आदळल्यास टायरच्या आतील धागे तुटण्याची शक्यता वाढते. जास्त हवेने लोटन-रोध थोडा कमी होतो हे खरे असले, तरी त्यासाठी थांबण्याची क्षमता गमवावी लागते.

टायरमध्ये नायट्रोजन भरण्याची सोय अनेक ठिकाणी असते. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तापमानानुसार दोन्हींचा दाब जवळजवळ सारखाच बदलतो. कोरडा नायट्रोजन किंचित सावकाश निसटतो. मात्र त्यामुळे नियमित तपासणीची गरज संपत नाही.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार चारही टायरमधील सरासरी दाब १ पीएसआयने कमी झाल्यास इंधनाची कार्यक्षमता सुमारे ०.२ टक्क्याने घटते. वर्षाला १२,००० किमी धावणारी आणि लिटरला १५ किमी अंतर जाणारी गाडी ८०० लिटर इंधन वापरते. तिच्या टायरमध्ये ३२ ऐवजी २४ पीएसआय दाब असल्यास या हिशेबाने वर्षाला सुमारे १३ लिटर इंधन जादा लागेल. ही बचत फार मोठी नाही. परंतु टायरचे वाढणारे आयुष्य आणि टळणारा धोका यांचा लाभ तिच्यापेक्षा मोठा ठरतो.

दाबदर्शक यंत्रणा

टायरमधील दाब घटल्यास चालकाला इशारा देणारी यंत्रणा अनेक नव्या वाहनांत असते. टायरचे थर सुटून झालेल्या अपघातांच्या पार्श्वभूमीवर अमेरिकेत २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांत ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ती बंधनकारक आहे. अमेरिकी नियमानुसार दाब शिफारशीपेक्षा २५ टक्क्यांनी कमी झाल्यावर इशारा मिळणे आवश्यक आहे. म्हणजे ३२ पीएसआयची शिफारस असलेल्या गाडीत २४ पीएसआयपर्यंत दिवा न लागण्याची शक्यता असते. त्यामुळे ही यंत्रणा दाबमापकाला पर्याय ठरत नाही.

खाचा व झीज

टायरवरील खाचा ओल्या रस्त्यावरचे पाणी बाजूला सारण्यासाठी असतात. खाचा उथळ झाल्यास वेगात असलेला टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. अशा वेळी ब्रेक व स्टिअरिंग यांचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायर चांगला वाटत असला, तरी पहिल्याच पावसात त्याचा धोका उघड होतो.

मोटारगाडीच्या टायरमध्ये खाचांच्या तळाशी १.६ मिमी उंचीचे लहान आडवे उंचवटे असतात. खाचा घासून त्यांची पातळी या उंचवट्यांपर्यंत आली की टायर बदलणे आवश्यक ठरते. दुचाकीच्या टायरमध्ये ही खूण कमी उंचीची असते. पावसाळ्यातील पकड लक्षात घेता या मर्यादेच्या आधीच टायर बदलणे हिताचे असते.

झिजेच्या स्वरूपावरून दोष ओळखता येतो:

• दोन्ही कडांची झीज – हवा कमी.
• मध्यभागाची झीज – हवा जास्त.
• एकाच कडेची झीज – अलाइनमेंटमध्ये दोष.
• ठिकठिकाणी खोलगट झीज – बॅलन्सिंग किंवा शॉक ॲब्सॉर्बरमध्ये दोष.

टायरच्या बाजूला फुगा आल्यास आतील धागे तुटलेले असतात. असा टायर दुरुस्त होत नाही. तो तत्काळ बदलावा लागतो. पंक्चर रस्त्याला टेकणाऱ्या भागात असल्यास दुरुस्त करता येते, बाजूच्या भागातील छिद्र मात्र दुरुस्तीयोग्य मानले जात नाही.

चाकांची देखभाल

चाके परस्परांशी व रस्त्याशी ठरवून दिलेल्या कोनांत असणे म्हणजे अलाइनमेंट होय. खड्ड्यात किंवा पदपथाच्या कडेवर चाक आदळल्यास हे कोन बदलतात. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढणे हे त्याचे लक्षण आहे. अशा गाडीचे टायर फिरतानाच किंचित घसटत जातात, त्यामुळे झीज आणि इंधनाचा खर्च दोन्ही वाढतात. बॅलन्सिंगमध्ये चाकाचे वजन सर्व बाजूंनी समान राहावे म्हणून रिमला लहान वजने लावतात. ते बिघडल्यास ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते.

पुढील चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत पुढील टायर लवकर घासतात. चारही टायर सारखे झिजावेत यासाठी साधारणपणे दर ८,००० ते १०,००० किमीनंतर त्यांच्या जागा बदलल्या जातात. दोनच नवे टायर घ्यावयाचे असल्यास ते मागे बसविण्याची शिफारस केली जाते. कारण ओल्या रस्त्यावर मागील चाकांची पकड सुटल्यास गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे कठीण असते.

टायरवरील खुणा

टायरच्या बाजूवर ‘१८५/६५ आर१५ ८८एच’ अशा स्वरूपाची खूण असते. यात १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे रुंदीच्या तुलनेत बाजूच्या उंचीचे शेकडा प्रमाण, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. ८८ हा भारांक ५६० किलोग्रॅम, तर ‘एच’ ही खूण ताशी २१० किमी कमाल वेग दर्शविते. याशिवाय उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगणारे चार अंक असतात. उदाहरणार्थ, ‘३२२३’ म्हणजे २०२३ मधील ३२वा आठवडा. रबर वयानुसार कडक होऊन तडकते, त्यामुळे फारसा न वापरलेला जुना टायरही धोकादायक असू शकतो.

इंधन वाचविणारे चालन

वाहन चालविण्याच्या पद्धतीचा इंधनावरील परिणाम टायरपेक्षा बराच मोठा असतो. एकाएकी वेग घेणे व जोराने ब्रेक लावणे या सवयींमुळे इंधनाची कार्यक्षमता महामार्गावर १५ ते ३० टक्के, तर थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्के घटू शकते, असा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा अंदाज आहे. ब्रेक लावताना गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत वाया जाते. पुढील वाहनापासून अंतर राखून आणि सिग्नल आधीच पाहून वेग हळूहळू कमी केल्यास ही ऊर्जा वाचते; शिवाय टायर व ब्रेकही कमी झिजतात.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ८० किमीवरून १०० किमी केल्यास हा रोध सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो; १२० किमीला तो सव्वादोन पट होतो. टपावरील रिकामा कॅरिअर व अनावश्यक सामान काढून ठेवणे आणि गाडी बराच वेळ उभी राहणार असल्यास इंजिन बंद करणे हेही उपयुक्त ठरते.

उतारावर न्यूट्रल

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची पद्धत भारतात आढळते. आधुनिक इंजिनांत तिने बचत होत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यास इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो आणि चाकेच इंजिनाला फिरवितात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवण्यासाठी इंधन लागतच राहते. इंजिनाचा अटकाव नाहीसा झाल्याने सर्व भार ब्रेकवर येतो. ते तापून निकामी होऊ शकतात. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अवजड वाहनांचे झालेले अपघात या संदर्भात वारंवार चर्चिले गेले आहेत. घाट ज्या गिअरमध्ये चढता येतो, त्याच गिअरमध्ये उतरावा, असा चालकांमध्ये रूढ संकेत आहे.

नियम व उपाययोजना

भारतात टायरच्या स्थितीविषयीच्या तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत. २०२० मधील दुरुस्तीनुसार, ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच व दाबदर्शक यंत्रणा असलेल्या ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. २०२२ मध्ये टायरचा लोटन-रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांविषयीची मानके अधिसूचित झाली.

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. या मार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने २०२३ मध्ये वाहनांच्या टायरची तपासणी सुरू केली आणि घासलेले टायर असलेल्या वाहनांना प्रवेश नाकारला. सरळ मार्गावर दीर्घकाळ एकाच वेगात धावताना टायरमधील उष्णता वाढत जाते, म्हणून अशा प्रवासापूर्वी दाब व झीज तपासणे विशेष महत्त्वाचे ठरते.

टायर फुटल्यास

धावत्या गाडीचा टायर फुटल्यास जोराने ब्रेक लावू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा आणि वेग पुरेसा उतरल्यावर गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. धोक्याचे दिवे सुरू करून प्रवाशांना रहदारीपासून दूर उभे करावे आणि त्यानंतरच चाक बदलण्याचा विचार करावा.