जुन्या ट्रॅक्टरची ताकद फवारणीत अधूनमधून कमी होते? दोष असा शोधावा

निफाड, दिंडोरी परिसरातील द्राक्ष बागांत पंधरा-वीस वर्षे जुने ट्रॅक्टर आजही ब्लोअरवर चालतात. गोडी छाटणीनंतर पाऊस झाला, की डाउनीच्या फवारणीला मोजके तासच हातात असतात. नेमके तेव्हाच अर्ध्या तासात इंजिनची रेस पडते, ट्रॅक्टर दम टाकतो, आणि दहा मिनिटे उभा केला की पुन्हा नीट ओढतो. मिस्त्री येईपर्यंत दोष गायब झालेला असतो. त्यामुळे त्यावेळी चालकाने काय पाहिले, यावरच निदान अवलंबून असते.

हा दोष वाहतुकीत सहसा दिसत नाही. ब्लोअरच्या पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पीटीओच्या फेऱ्या ५४० वरून ४३० वर आल्या, तर हवा साधारण २० टक्क्यांनी कमी होते, पण पंख्याचा भार जवळपास निम्मा होतो. म्हणून इंजिन बंद पडत नाही, कमी फेऱ्यांवर रेटत राहते. गिअर तोच असल्याने ट्रॅक्टरही हळू चालतो, त्यामुळे एकरी पाणी कमी पडत नाही आणि टाकीच्या हिशेबावरून काही लक्षात येत नाही. औषध मात्र घडांच्या आत आणि पानांच्या खालच्या बाजूस पोचत नाही. डाउनीची वाढ पानाच्या खालच्या बाजूनेच होते.

ताकद पडताना आधी सायलेन्सरकडे पाहावे. काळा धूर येत असेल तर इंजिनला हवा कमी पडते किंवा भार जास्त आहे. धूर न वाढता रेस पडत असेल तर डिझेल कमी पोचते आहे, असे धरून चालावे. इंजिनच्या फेऱ्या कायम असून ट्रॅक्टर मंदावत असेल तर दोष क्लचमध्ये आहे, इंजिनमध्ये नाही.

काही वेळ चालून दम टाकणे आणि थांबल्यावर सुधारणे, या लक्षणात पहिला संशय डिझेल टाकीच्या झाकणावर घ्यावा. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. ते धूळ किंवा फवारणीच्या चिकट थराने बुजले, की डिझेल उपसले जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पुरवठा मंदावतो. ताकद पडताच झाकण सैल करावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरले, तर दोष सापडला. छिद्र तारेने मोकळे करावे. झाकण कायमचे सैल ठेवून वर फडके बांधणे हा उपाय नाही, त्यातून धूळ आणि पाणी टाकीत जाते.

झाकण ठीक असेल तर इंजिन बंद करून फीड पंपाकडे येणारा पाइप सोडावा व डिझेल बाटलीत घ्यावे. टाकी पंपापेक्षा उंचावर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये धार सलग पडायला हवी. सुरुवातीला जोरात पडून धार बारीक होत असेल तर टाकीतील जाळी, कॉक किंवा पाइपमध्ये कचरा अडकतो आहे. इंजिन थांबल्यावर हा कचरा खाली बसतो, म्हणून ट्रॅक्टर पुन्हा चालतो. काचेच्या बाऊलच्या तळाशी पाण्याचे थेंब दिसल्यास ते काढून टाकावे. अर्धी टाकी रात्रभर ठेवल्यास थंडीत आतल्या बाजूस दव धरते, त्यामुळे संध्याकाळीच टाकी भरावी. डिझेल फिल्टरचा कागदी एलिमेंट धुऊन पुन्हा बसवू नये.

धार सलग आहे आणि तरीही इंजिन अडखळते, तर यंत्रणा हवा घेते आहे. तडकलेला रबरी पाइप, दबलेले तांब्याचे वायसर आणि फिल्टरची खराब रिंग तपासावी. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा हवा आली, तर गळती अजून आहे. इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या पाइपची गळती बोटाने तपासू नये. तो दाब डिझेल कातडीत घुसवतो.

काळा धूर असेल तर एअर क्लीनर पाहावा. ऑइल बाथ प्रकारात वाटीतील तेल गाळाने घट्ट झाले असल्यास बदलावे, मात्र खुणेच्या वर भरू नये, जादा तेल इंजिनात ओढले जाते. तापमानाचा काटाही चढत असेल तर रेडिएटरच्या जाळीवर पाने व औषधाचा थर बसला आहे का, फॅन बेल्ट सैल आहे का, ते पाहावे.

हे सगळे होईपर्यंत इंजेक्शन पंप उघडायला देऊ नये. गावोगाव नेमके उलटे होते: आधी पंप उघडला जातो, खर्च होतो, आणि झाकणाचे छिद्र तसेच बुजलेले राहते. वरील तपासणीत काही न सापडल्यास आधी नोझल तपासून घ्यावेत, मग पंप.

फवारणी चालू असतानाच ताकद पडली, तर कोणत्या ओळीत पडली तेथे खूण करावी. ब्लोअरच्या गिअरबॉक्सला दोन वेग असतील तर कमी वेग घ्यावा, ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये चालवावा आणि पाने हलतात का ते वेलीच्या पलीकडून पाहावे. खुणेच्या पुढच्या ओळींत पानाच्या खालची बाजू ओली झाली आहे का, ते पाने उलटून लगेच तपासावे. कोरड्या राहिलेल्या ओळी त्याच दिवशी, शिफारशीत मात्रेच्या मर्यादेत, पूर्ण कराव्यात. तयार द्रावण दुसऱ्या दिवसासाठी टाकीत ठेवू नये.