सांगता न येणारे गुपित

संगणकावर पासवर्ड आला तो १९६०च्या दशकाच्या प्रारंभी, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत. एकच यंत्र अनेक संशोधक वाटून वापरत. प्रत्येकाच्या फायली खासगी राहाव्यात म्हणून फर्नांदो कोर्बातो यांच्या गटाने ही युक्ती योजली. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याचा वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली! पासवर्डचे दुखणे असे जुने आहे : गुपित दोघांना ठाऊक असावे लागते, आणि त्यांपैकी एकाकडे सर्वांची गुपिते साठतात.

तोडग्याचे बीज व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांच्या १९७६ मधील निबंधात सापडते : एकाऐवजी किल्ल्यांची जोडी. आजची ‘पासकी’ त्यावरच उभी आहे. खासगी किल्ली वापरणाऱ्याच्या फोनमध्ये राहते, सार्वजनिक किल्ली संकेतस्थळाकडे. प्रवेशाच्या वेळी संकेतस्थळ दरवेळी नवी संख्या पाठवते, फोन तिच्यावर खासगी किल्लीने स्वाक्षरी करतो आणि सार्वजनिक किल्लीने ती पडताळली जाते. सर्व्हर फोडणाऱ्या चोराच्या हाती उपयोगाचे काही लागत नाही. किल्ली मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असल्याने हुबेहूब नकली पानापुढेही ती चालत नाही.

भारताची वाट ओटीपीवरून गेली. ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना पडताळणीचा आणखी एक टप्पा रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये सक्तीचा केला. पुढे एसएमएसवरचा ओटीपी अंगवळणी पडला. तो क्षणभंगुर खरा, परंतु तोंडाने सांगता येतो, आणि फोनवरचा भामटा नेमका तोच मागतो. पासकी सांगू म्हटले तरी सांगता येत नाही.

येथे एक गल्लत टाळायला हवी. २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या व्यवस्थेत ठसा मध्यवर्ती नोंदीशी जुळवतात, आणि राबून रेषा झिजल्या की ठसा जुळेनासा होतो. पासकीतला ठसा फोनबाहेर जात नाही. तो जुळला नाही, तर फोनचा पिन चालतो.

उणीवही त्या पिनमध्येच आहे. सप्टेंबर २०२५च्या नियमांनी रिझर्व्ह बँकेने एसएमएसखेरीज अन्य मार्गांना उत्तेजन दिले. पण देशातील कितीतरी घरांत फोन एकच असतो. तो हरवला आणि किल्लीची प्रत अन्यत्र नसली, तर घरधन्यालाच दार बंद. आणि पिन घरात सर्वांना ठाऊक असला, तर आजीच्या पेन्शनचे खाते नातवालाही उघडते.