‘अडुसष्ट’ की ‘साठ आठ’? : संख्यावाचनाच्या दोन पद्धती

इयत्ता दुसरीच्या वर्गात शिक्षकांनी ‘सदतीस’ म्हटले, की एखादे मूल पाटीवर ७३ लिहिते. ही चूक निष्काळजीपणाची असतेच असे नाही. मराठीत आधी एकक उच्चारला जातो व मग दशक. लिहिताना मात्र हा क्रम उलटा होतो. ‘एकोणतीस’ या शब्दात तर तीस ऐकू येतात, पण लिहायचे असतात २९. त्यात ‘त्र्याण्णव’, ‘अठ्ठ्याऐंशी’ यांसारख्या जोडाक्षरांची भर पडते.

हीच अडचण ओळखून २०१९ मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा वाचनाचा समावेश करण्यात आला. त्यावरून राज्यभर वाद उसळला आणि त्याचे पडसाद विधिमंडळातही उमटले. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाचे ठामपणे समर्थन केले. जोडाक्षरांच्या धास्तीने मुलांच्या मनात गणिताविषयी नावड निर्माण होऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. प्रचलित नावे रद्द केलेली नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. डॉ. नारळीकर यांचे २०२३ मध्ये निधन झाले.

वर्गात या पद्धतीचा उपयोग कसा होतो, हे बेरजेच्या साध्या उदाहरणावरून लक्षात येते. ‘त्रेचाळीस अधिक पंचवीस’ म्हणण्याऐवजी ‘चाळीस तीन अधिक वीस पाच’ म्हटले, की चाळीस व वीस मिळून साठ, तीन व पाच मिळून आठ, हे मुलाला ऐकताच उमगते. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या समोर असतील, तर ‘साठ आठ’ डोळ्यांनाही दिसतात. त्यानंतर ‘यालाच अडुसष्ट म्हणतात’ असे सांगता येते.

दशक आधी उच्चारण्याची रीत कन्नड, तेलुगू या शेजारच्या भाषांमध्ये रूढ आहे. नॉर्वेने तर १९५१ मध्ये एकक आधी म्हणण्याची जुनी पद्धत अधिकृतपणे बदलून दशक आधी आणला. जुनी पद्धत तेथील बोलण्यातून त्यानंतरही पूर्णपणे गेली नाही.

मराठीतील आक्षेपही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पाढे ‘एकवीस’, ‘अठ्ठावीस’ याच नावांनी पाठ होतात. भाजीवाला ‘पंचेचाळीस रुपये’ मागतो आणि आजी आपले वय ‘बहात्तर’ सांगते. ही नावे कानांवर पडलीच नाहीत, तर मुलाला घरातलीच भाषा परकी होईल. म्हणूनच ‘साठ आठ’ ही ‘अडुसष्ट’कडे नेणारी पायरी ठरली पाहिजे. त्या पायरीवर किती काळ थांबायचे, हे मात्र समोरच्या मुलाकडे पाहून शिक्षकांनीच ठरवायचे असते.