खालच्या पापणीतली चरबी: काढायची की सरकवायची?

डोळ्यांखालच्या पिशव्या म्हणजे सैल पडलेली कातडी, असं आपण सहज धरून चालतो. पण बघा, आत खोबणीतली चरबी असते. तिला अडवणारा पातळ पडदा वयानुसार ढिला पडतो आणि ती पुढे येते. १९२४ साली फ्रेंच सर्जन बुर्गे यांनी पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेऊन ही चरबी काढण्याची पद्धत मांडली. बाहेर व्रण नाही! त्याच काळात पॅरिसमध्ये सुझान नोएल चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करत होत्या. वय दिसतं म्हणून बाईच्या नोकरीवर गदा येत असेल तर ही नुसती हौस नव्हे, ही त्यांची भूमिका. १९२६ सालच्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच 'सामाजिक भूमिका' हे शब्द आहेत. नटण्यामुरडण्याची गोष्ट म्हणून आपण ती हसण्यावारी नेऊ नये.

१९५१ मध्ये कास्तान्यारेस यांनी चरबीचे कप्पे नीट दाखवले. मग काय, ते रिकामे करणं सोपं झालं. पण गालाचा भागही वयाबरोबर उतरतो, त्यामुळे काही वर्षांनी हेच डोळे खोल गेलेले, आजारी दिसायचे. १९८१ मध्ये ब्राझीलच्या लोएब यांनी चरबी फेकण्याऐवजी शेजारच्या खळगीत सरकवली.

कातडीबाबत मात्र जुना इशारा कायम आहे: जास्त कापली, तर पापणी खाली ओढली जाते आणि डोळा कोरडा पडतो.