जुन्या गाडीचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार आपल्या परिचयाचा आहे. मूर्ती तीच, पण भिंती नव्या, कळस नवा. इंग्लंडात गेली काही वर्षे जुन्या, साध्यासुध्या स्पोर्ट्‌स मोटारींचा जीर्णोद्धार चालला आहे. त्यास तिकडे 'रेस्टोमॉड' म्हणतात. येथे रीत उलटी : बाहेरचे रूप जुने ठेवायचे आणि आत इंजिन, गिअर, ब्रेक आजचे बसवायचे. हा पैसेवाल्यांचा छंद, त्याची चर्चा व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी विचारील. परंतु या छंदाच्या मुळाशी एका बंद पडलेल्या कारखान्याची कथा आहे. आणि कारखाना बंद पडतो म्हणजे काय होते, हे कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या आम्हांस ठाऊक आहे.

ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन हे गाव. एम. जी. मोटारीचा कारखाना तेथे १९२९ साली आला. १९६२ साली तेथून 'एम. जी. बी.' ही दोघांच्या बसण्याची उघडी गाडी बाहेर पडली. तिच्यात राजेशाही असे काही नव्हते. स्वतंत्र चौकट न ठेवता पत्र्याच्या कायेलाच चौकटीचे काम दिले होते. वजन सुमारे ९२० किलो. १७९८ घनसेंटिमीटरचे बिडाचे इंजिन साध्या घरगुती गाड्यांच्या घराण्यातले. आपल्याकडे अँबॅसेडरमध्ये पुष्कळ वर्षे धडधडलेले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन त्याचेच भावंड. कारखान्यातही यंत्रांचा डामडौल नव्हता. जुळणीच्या रांगेत गाड्या माणसे हाताने पुढे ढकलीत. अशा रीतीने पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी गेल्या.

१९७४ साली अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांसाठी तिला काळे रबरी बंपर लावले गेले, उंची दीड इंचाने वाढवली गेली. गाडी जड झाली आणि वळणावर डोलू लागली. १९७५ साली ब्रिटिश लेलँड ही मालक कंपनी सरकारने ताब्यात घेतली. सप्टेंबर १९७९ मध्ये गावात कारखान्याच्या पन्नाशीचा उत्सव झाला. तो आटोपतो न आटोपतो तोच, १० सप्टेंबरला, अ‍ॅबिंग्डनमधील मोटारींचे उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली. पौंड महाग झाला, अमेरिकेतील विक्री तोट्यात गेली, ही कारणे सांगितली गेली. तंटेबखेड्यांबद्दल या कारखान्याची कधी ख्याती नव्हती. पण त्याचा उपयोग झाला नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी निघाली. मालक खाजगी असो वा सरकार, हिशेबाच्या वहीत गावाला रकाना नसतो.

यापुढचा भाग विलक्षण आहे. पत्रा दाबण्याचे मूळ साचे मोडीत गेले नाहीत. त्यांवर १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एम. जी. बी.चे सांगाडे नव्याने घडवावयास आरंभ केला. पुढल्याच वर्षी जपानच्या माझदा कंपनीने, ब्रिटिशांच्या याच हलक्या गाड्यांचा धडा गिरवून, 'एम. एक्स. ५' ही गाडी आणली. १९८० साली जिची सद्दी संपली असे ठरवले गेले, त्या जातीच्या दहा लाखांहून अधिक गाड्या जपानने विकून दाखवल्या! आणि २०१२ साली, एम. जी. बी.च्या पन्नाशीनिमित्त, अ‍ॅबिंग्डनच्याच परिसरातील फ्रंटलाइन या छोट्या कंपनीने नव्या सांगाड्यात माझदाचे अ‍ॅल्युमिनियमचे दोन लिटर इंजिन बसवले. बीड गेले, नाकावरचा भार उतरला. मूळच्या ९५ अश्वशक्तीच्या जागी दुपटीहून अधिक शक्ती आली. शिष्याचे काळीज गुरूच्या देहात बसले!

आम्हांस या कारागिरीचे कौतुक आहे. मूठभर कुशल हातांना त्यातून काम मिळते, हेही खरे. पण मूळ गाडी बेताच्या मिळकतीच्या तरुणाला डोळ्यांपुढे ठेवून केली होती. ही नवी गाडी त्याने दुरूनच पाहावी. आणि रांगेत गाड्या ढकलणारी ती माणसे साच्यांसारखी जपून ठेवण्याजोगी कोणास वाटली नाहीत.

कारखाना बंद होतो तेव्हा आम्ही युनियनवाले नुकसानभरपाई मागतो. ती मागितलीच पाहिजे. पण साचे कोठे जाणार, नकाशे कोणाकडे राहणार, हातांतले कसब पुढच्या पोरांना कोण शिकवणार, हे आम्ही क्वचितच विचारतो. अ‍ॅबिंग्डनमध्ये साचे वाचले म्हणून निदान गाडी वाचली. पुढल्या वाटाघाटींच्या मागणीपत्रात हा प्रश्नही लिहिला जावा, एवढेच आमचे मागणे आहे.